पेगबोर्ड कपाटात ठेव, परात मागव

पत्र: "ताई, मी ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवण्याच्या उपचाराच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. घर केज तालुक्यात, कॉलेज मुंबईत. ओपीडीत मला एक मावशी केस म्हणून दिल्यात. वय ५२, जिंतूरकडच्या, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, दोन महिने झालेत. सध्या मुलाकडे राहतात, दिवाळीनंतर गावी जाणार. पेगबोर्ड (भोकांत खुंट्या बसवायची पाटी) पुढे ठेवला की म्हणतात, 'ह्ये लेकराचे खेळ मला कामून देऊ लागलीस, माय?' मी बनवलेला स्प्लिंट (हात नीट स्थितीत धरून ठेवणारा प्लास्टिकचा आधार) दोन दिवसांत उशाखाली गेला, असं सून सांगते. केस प्रेझेंटेशनला ध्येय म्हणून 'उजव्या हाताचे कार्य सुधारणे' लिहिलं, तर मॅडमनी वही परत दिली. घरी गेलं की सगळे विचारतात, 'म्हणजे फिजिओच ना?' पुढे आपल्या भागात काम मिळेल का, तेही कळत नाही. लाइन चुकली का?"

मावशींचं म्हणणं बरोबर आहे, तिथूनच सुरू करू.

पेगबोर्डची खुंटी उचलायला चिमूट लागते आणि भोकात सोडायला बोटं उघडावी लागतात. पक्षाघातानंतर हालचाल किती परत आली ते सांगणाऱ्या ब्रुनस्ट्रॉमच्या पायऱ्यांपैकी त्यांचा हात कितव्या पायरीवर आहे ते तू लिहिलेलं नाहीस. पण दोन महिन्यांनी मूठ मिटते आणि उघडत नाही अशी अवस्था असेल, तर ती तिसरी पायरी. त्या हाताला खुंटी सोडणं जमणारच नाही. म्हणजे बाई ओपीडीत चारचौघांदेखत पुन्हा पुन्हा नापास होतायत, तेही ज्या कामाचा त्यांच्या घराशी काही संबंध नाही अशा कामात. त्या चिडतात यात नवल नाही. असा पेशंट "सहकार्य करत नाही" असा शेरा फाइलमध्ये पडतो. तो मात्र तू लिहू नकोस.

आता वही परत का आली ते बघ. "हाताचे कार्य सुधारणे" हे कुणाच्याही फाइलला चिकटवता येतं. मॅडमना त्यात मावशी दिसल्या नाहीत. त्या दिसायच्या तर आधी अर्धा तास नुसतं विचारावं लागेल. उठल्यापासून निजेपर्यंत गावाकडे काय काय करायच्या? पाणी कुठून आणायच्या, हापशावरून की नळावरून? चूल की गॅस? गॅस ओट्यावर की खाली? घरात खाणारी माणसं किती, भाकरी कोण करायचं? संडास घराला लागून की परसात? लुगडं नेसतात की गोल पातळ, केस कोण घालून देतं? शेतात निंदण-खुरपण, कापूस वेचणी यातलं काय करायच्या? हे सगळं फॉर्मवर छापलेलं नसतं. रोजची कामं स्वतः किती जमतात ते मोजणाऱ्या बार्थेल इंडेक्समध्ये दहा बाबी आहेत: जेवण, आंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शौच आणि लघवीवरचा ताबा, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीवर जाणं, चालणं, जिने. स्वयंपाक त्यात नाही. १०० पैकी १०० गुण मिळालेली बाई घरी चुलीपुढे काहीच करू शकत नाही, असं सहज होऊ शकतं. घरकामासाठी लॉटनची आठ बाबींची मोजणी आहे, ती जोडून घे.

कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेजर तुला शिकवलं असेलच. पेशंट स्वतःला महत्त्वाची वाटणारी जास्तीत जास्त पाच कामं निवडतो आणि प्रत्येकाला "किती जमतं" आणि "किती समाधान आहे" यासाठी १ ते १० असे आकडे देतो. शाळा न शिकलेल्या बाईला "दहापैकी किती" विचारलं की ती तुझ्या तोंडाकडे बघून तुला बरा वाटेल तो आकडा सांगते. त्यापेक्षा दहा शेंगदाणे टेबलावर ओळीत मांड. "पहिल्यासारखं येत होतं तेव्हा हे सगळे दहा, आता किती राहिले, तेवढे तुमच्याकडे ओढा." डाव्या हाताने ओढू दे. आकडा लिहून घे. पुन्हा तपासताना दोन किंवा त्याहून जास्त वाढला, तर तो बदल खरा धरतात.

आमचा अंदाज असा की मावशींच्या पाचात भाकरी असेलच. म्हणून भाकरीचंच पृथक्करण करून दाखवतो. नसली, तर त्यांनी जे सांगितलं त्याचं याच पद्धतीने कर.

भाकरी म्हणजे एक काम नव्हे. पीठ चाळणं, गरम पाणी ओतणं, मळणं, गोळा करणं, कोरडं पीठ पसरून थापणं आणि थापता थापता फिरवणं, उचलून तव्यावर टाकणं, वरून पाण्याचा हात फिरवणं, उलटणं, शेवटी विस्तवावर फुलवणं. या सगळ्यांत तिसऱ्या पायरीच्या हाताला सर्वात आधी जमणारं काम म्हणजे मळणं. कारण ज्वारीचं पीठ बोटांनी मळत नाहीत, तळव्याच्या टाचेने रगडतात. मनगट मागे, कोपर सरळ, बोटं उघडी, खांद्यातून भार पुढे. घट्ट झालेल्या हाताला जी स्थिती तू एरवी मॅटवर द्यायला बघतेस, तीच इथे परातीत मिळते. थापणं मात्र सगळ्यात शेवटी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही, थापताना दाब थोडा कमी-जास्त झाला की कड चिरते. त्यासाठी दोन्ही तळव्यांचा जो हलका वेग लागतो, तो अजून महिनोन्महिने येणार नाही. तोवर मळलेला गोळा सुनेने थापला तर काही बिघडत नाही. मळणं मावशींचं, थापणं सुनेचं.

पहिल्या दिवशी मळणंही नको. टेबलाजवळ खुर्ची, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, परात पोटापासून वीतभर लांब, परातीखाली ओलं फडकं. ते नसेल तर परात सरकते आणि ती धरायच्या नादात डाव्या हातावर ताण येऊन उजवी मूठ आणखी आवळते. उजवा हात आधी सैल करून घे. बोटांच्या टोकांना धरून ओढू नकोस, त्याने ताठरपणा वाढतो. मनगट थोडं दुमडून अंगठ्याच्या बुडाला धर, अंगठा बाहेर काढ, मग बोटं आपोआप सैलावतात. उघडा तळवा परातीच्या काठावर ठेव, तो नुसता परात धरेल. डावा हात कोरडं पीठ पसरवेल, गोळा करेल. धरणारा हात, मग मदतनीस हात, मग काम करणारा हात, असा हा क्रम आहे. दोन-चार दिवसांनी उजवा तळवा पिठावर, डावा त्याच्यावर, आणि भार कंबरेतून पुढे.

अर्धी वाटी पीठ पुरे. एका बसणीला पाच मिनिटं मळणं, मध्ये विश्रांती, मग पुन्हा पाच. सुरुवातीला आणि मध्ये नाडी बघ. बसल्या नाडीपेक्षा मिनिटाला २० ठोक्यांहून जास्त वाढली, चक्कर आली किंवा चेहरा पांढरा पडला, तर थांब. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली का, हा प्रश्न रोजचा. ती चुकवून लोक ओपीडीला येतात, कारण गाडी पकडायची असते.

काय बिघडतं तेही ऐक. डाव्याने जोर लावला की उजवं कोपर वाकून छातीशी येतं. म्हणजे काम जड झालंय. पाणी वाढव, गोळा लहान कर. "ताई, हात सरळ ठेवा" असं दहा वेळा सांगून उपयोग नाही. खांदा कानाकडे चढला तर टेबल उंच आहे. धड उजवीकडे झुकलं तर खुर्ची लांब आहे किंवा डाव्या कुल्ल्यावर वजन नाही. आणि सुरू करण्याआधी खांद्याच्या टोकाखाली बोटाने चाचपून बघ. हाडांत बोटभर खाच लागली तर खांदा उतरलेला आहे. अशा वेळी मळणं चालतं, पण भार देताना तुझा हात खांद्याच्या फऱ्यावर हवा आणि दुखलं की लगेच बंद. सुनेला पहिल्याच दिवशी सांग: उठवताना काखेत हात घालून किंवा लुळा हात धरून ओढायचं नाही. हे एक वाक्य तुझ्या आठवडाभराच्या व्यायामापेक्षा जास्त खांदा वाचवतं.

विस्तवाचं काम आताच नाही. त्याआधी स्पर्शाची तपासणी: दोन परीक्षानळ्या, एक गार, एक कोमट, डोळे मिटून. गरम-गार कळत नसेल तर तवा, उलथनं, गरम पाणी सगळं डाव्या हाताचं, आणि उजवा हात शेगडीपासून लांब. पिठात ओतायचं पाणीसुद्धा दुसऱ्याने ओतायचं. विभागात आग लावता येणार नाहीच, त्यामुळे परात, पाव किलो पीठ आणि फडकं एवढंच लागेल. मॅडमना आधी सांग. बहुतेक त्या हो म्हणतील, कारण त्यांना हेच हवं होतं.

आता ध्येय असं लिही: "दोन आठवड्यांत, टेबलाजवळ खुर्चीवर बसून, परातीखाली ओले फडके असताना, उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवून अर्धी वाटी ज्वारीचे पीठ मळून एक गोळा तयार करतील. मदत: फक्त खांद्याला स्पर्शाचा आधार." कोण, काय, कशा स्थितीत, किती मदतीने, कधीपर्यंत. यातलं एक जरी गाळलं तरी वही परत येईल. त्याखाली लांबचं ध्येय: "गावी गेल्यावर रोजचं पीठ स्वतः मळतील."

गावी जाणार म्हणालीस ना, तर तिथला गॅस खाली असेल किंवा चूल असेल, हे आत्ताच धरून चाल. दोन वाटा आहेत. एक, घरच्यांनी शेगडी ओट्यावर किंवा मजबूत टेबलावर घेणं. मावशींनी कंबर ओट्याला टेकवून उभं राहणं किंवा उंच स्टुलावर बसणं. दोन, जमिनीवर बसणं-उठणं शिकवणं. ते असं: आधी निरोगी कुल्ल्यावर तिरकं बसणं, तिथून रांगण्याच्या स्थितीत, मग डावा पाय पुढे उभा करून उजवा गुडघा टेकलेला, डावा हात खुर्चीवर, आणि उठणं. तू मावशींच्या उजव्या बाजूला, थोडी मागे. फरशीवर करून घेऊ नकोस, मॅटवर. साडीवर हे होत नाही, निऱ्या गुडघ्याखाली अडकतात. सलवार किंवा सुनेचा गाऊन घालून यायला सांग. मावशी आधी नको म्हणतील, सुनेने सांगितलं तर ऐकतील.

स्प्लिंट.

उशाखाली गेलेला स्प्लिंट परत मागव आणि त्यांच्या हातावर घालून वीस मिनिटं बस. काढल्यावर लाल व्रण कुठे पडलाय ते बघ. पंधरा-वीस मिनिटांत तो गेला नाही तर तिथे टोचतंय. बहुतेक वेळा जागा तीनच: करंगळीकडचं मनगटाचं हाड, अंगठ्याचं बूड आणि पुढच्या हाताची वरची कड. मनगटाच्या हाडाला टोचतं तेव्हा मुली आतून फोमचा तुकडा चिकटवतात. त्याने दाब वाढतो, कारण जागा तेवढीच आणि त्यात आणखी एक थर. फोम साचा घेतानाच हाडावर ठेवायचा असतो, म्हणजे प्लास्टिक त्याला वळसा घालून बसतं. आता झालंच आहे तर तेवढी जागा गरम करून बाहेर फुगव.

आणि बांगड्या बघितल्यास का? उजव्या हातात बांगड्या असतील आणि स्प्लिंट त्यांच्यावरून बांधला असेल, तर रात्रभर काच मनगटात रुततो. फोडायला सांगू नकोस. नवरा असलेल्या बाईला ते सांगणं म्हणजे काय, हे तुला केजच्या घरात शिकवावं लागणार नाही. उजव्या बांगड्या डाव्या हातात सरकवता येतील का, ते त्यांनाच विचार, आणि मग साचा नव्याने घे.

नवा करायचा झाला तर मोठ्या माणसाच्या पूर्ण हाताच्या स्प्लिंटला प्लास्टिकची ३.२ मिलिमीटरची शीट, बोटाच्या छोट्या कामाला १.६. आधी कागदावर हात काढ. ताठ हात कागदावर सपाट होत नसेल तर निरोगी हात काढून कागद उलटा कर. मनगटाची दोन्ही हाडं, तर्जनी आणि करंगळीच्या बुडाचे सांधे, अंगठ्याची बेचकी यावर खुणा. लांबी पुढच्या हाताच्या दोन तृतीयांश, कडांची उंची हाताच्या जाडीच्या निम्मी. शीट कापण्याआधी कागद हातावर गुंडाळून बघ. कागद फुकट आहे, शीट महाग. बहुतेक शीट ६५ ते ७५ अंशांच्या पाण्यात मऊ होतात, पण पाकिटावर लिहिलेलं तापमान अंतिम. बाहेर काढून टॉवेलवर कोरडी कर, स्वतःच्या मनगटाला लावून बघ, मगच त्यांच्या हाताला. बधिर हात भाजला तर तो ओरडत नाही. हाताशी तीन ते पाच मिनिटं असतात. तेवढ्यात पुढचा हात ज्या स्थितीत ते एरवी ठेवतात त्याच स्थितीत धरून साचा घे. तळवा आकाशाकडे करून घेतलास आणि त्या हात पालथा ठेवत असतील, तर स्प्लिंट फिरतो आणि तिरका बसतो.

पुस्तकात मनगट २० ते ३० अंश मागे असं लिहिलंय म्हणून ताठ मनगट तेवढं ओढू नकोस. हळू मागे नेताना जिथे पहिला अडथळा लागतो, त्याच्या पाच-दहा अंश अलीकडे थांब. घालायची वेळ आधी दोन तास, त्वचा बघून वाढवायची. गरमीत आत सुती स्टॉकिनेट (मोज्यासारखं नळीदार कापड), दोन जोड, एक धुवायला एक घालायला. धुताना कोमट पाणी. पत्र्यावर किंवा उन्हात वाळत टाकायचा नाही, परभणीच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर तो आकार सोडेल. हे सुनेला दाखवून सांग, नुसतं सांगू नकोस. एक स्पष्टच: पक्षाघातात नुसत्या स्प्लिंटने हाताची हालचाल सुधारते याला पुरावा कमजोर आहे. बोटं तळव्यात रुतू नयेत, नखं लागू नयेत, धुता यावं, यासाठी तो कामाचा. तोंडी परीक्षेत विचारलं तर हेच सांग.

मावशी दिवाळीनंतर जाणार, मग फॉलोअप कोण घेणार? घरच्या कार्यक्रमात तीन गोष्टींच्या वर काही देऊ नकोस, आणि तिन्ही रोजच्या कामाला बांध: सकाळी तोंड धुताना काय, पीठ मळताना काय, झोपताना काय. "दिवसातून तीन वेळा दहा दहा वेळा" असा छापील कागद दिला तर तो डब्याखाली अंथरला जाईल. तू पुढे आपल्याकडे काम करशील तेव्हा हे फार लागेल. बीडकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात ती फेब्रुवारी-मार्चनंतरच परततात. त्या काळातली तारीख दिलीस तर ती कागदावरच राहते.

काम मिळेल का? नुसती सरकारी जागा धरून बसलीस तर वाट बघावी लागेल. पण काम आहे. कडबाकुट्टीत, मळणीयंत्रात, उसाच्या चरकात गेलेल्या बोटांचे हात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतरचे सहा-आठ आठवडे कुणी बघत नाही म्हणून ते ताठ होतात. बोटाच्या थोटकाचा बोचरेपणा कमी करायला आधी कापूस, मग मऊ फडकं, मग ज्वारीच्या दाण्यांत हात घालणं, हे तुला येतं, गावच्या डॉक्टरला येत नाही. दुसरं, मुलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, उशिरा बसणारी-बोलणारी मुलं तिथे पोचतात. तिथल्या भरतीची जाहिरात नीट वाच, पात्रतेत ऑक्युपेशनल थेरपीचं नाव आहे की नाही ते आधी बघ. सुट्टीत घरी गेलीस की एक दिवस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जाऊन अस्थिरोग आणि बालरोग विभागाला विचार, हाताचे पेशंट शस्त्रक्रियेनंतर कुठे पाठवता? उत्तरावरून पुढचं कळेल. प्रॅक्टिस सुरू करण्याआधी राज्य परिषदेची नोंदणी लागतेच. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार, ४० टक्के दिव्यांगत्वाची अट, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आणि निरामय आरोग्य विमा एवढं तोंडपाठ ठेव. आपल्याकडे पेशंटचे नातेवाईक पहिल्यांदा हेच विचारतात, आणि ज्याला ते सांगता येतं त्याच्याकडे पुन्हा येतात.

"फिजिओच ना?" या प्रश्नावर रागावू नकोस. १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी हे शिक्षण सुरू केलं, तेव्हापासून तो चालू आहे. व्याख्या सांगत बसू नकोस. "लकवा झालेल्या बाईला भाकरी करायला परत शिकवते" एवढं सांग. पुढचा प्रश्न आला तर परात दाखव, कुणी ना कुणी घरातलं आजारी माणूस आठवून विचारायला लागेल.

तुझ्या पाठीचं तू लिहिलं नाहीस, पण तिसऱ्या वर्षात ती दुखायला लागते. पेशंटला खाटेवरून खुर्चीवर घेताना खुर्ची निरोगी बाजूला, ३० ते ४५ अंशात, ब्रेक लावलेले, पायाचं पाट वर. कमरेला पट्टा नसेल तर उपरणं घट्ट बांध आणि ते धर. तुझे गुडघे वाकलेले, पाय पसरलेले, आणि मावशींचा पुढे झुकण्याचा क्षण येईपर्यंत उचलायचं नाही. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की कुल्ले आपोआप उचलतात.

पुढच्या सोमवारी परात घेऊन जा. त्याआधी सुनेला फोन करून विचार, गावचा गॅस ओट्यावर आहे की खाली, आणि संडासच्या दाराची रुंदी टेपने मोजून आणायला गावी कुणाला तरी सांग. व्हीलचेअर किंवा कमोड खुर्ची घ्यायची वेळ आलीच, तर ती दारातून जाते का हे घेतल्यानंतर कळून उपयोग नसतो.